पहिली फुलं कोणाची

वरूडला नत्थुजींच्या गच्चीवर त्या सकाळी पापड वाळत घातले होते आणि लीलाबाई काठी घेऊन कावळे हाकलत बसल्या होत्या. लेकीचं, प्रणालीचं लग्न आठवड्यावर आलेलं. तेवढ्यात बाळापूरहून व्याह्यांचा, पुंडलिकरावांचा फोन आला आणि खाटेवर बसलेले नत्थुजी ताडकन उभे राहिले. मुलाकडच्यांचा फोन बसून घ्यायचा नाही, ही सवय त्यांना सोयरीक जुळल्या दिवसापासून लागली होती.

"विमानातून फुलं टाकून राहिले म्हनते ते," फोन ठेवून ते म्हणाले. "नवरदेव मंडपाच्या दारात आला का वरून फुलं."

"टाकू द्या. त्यायची हौस," प्रणाली म्हणाली.

"अन् आपन खाली उभं राहून पाहाचं? आपलंबी विमान पायजे."

"बाबा, लग्न जमिनीवरच लागते न?"

नत्थुजी हसले नाहीत. संत्र्याच्या चार बागांचा मालक, सगळ्या तालुक्यात शब्दाला वजन, पण मुलीचं लग्न म्हटलं की या माणसाचं डोकं चालेनासं होई. आणि तो एकटाच नव्हे. आपल्याकडे लग्नात मान नावाची एक वस्तू असते. ती डोळ्यांनी कुणी पाहिलेली नाही, पण ती दुखावली की जेवणाची पानं उलटतात आणि सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

अमरावतीला विमानतळाजवळचं लॉन ठरलं होतं. तिथे दोन्हीकडची माणसं बसली. जेवणात काय करायचं हे चहा संपायच्या आत ठरलं. पहिली फुलं कोणाची पडणार, यावर मात्र दुपार गेली. शेवटी ठरलं ते असं : दोन्ही विमानांत दोन मामा बसतील. वराचे मामा दादाराव आधी फुलं टाकतील. तोवर मुलीच्या मामाचं विमान बाजूला घिरट्या घालत थांबेल. मामाचाच मान का, तर मामाशिवाय मुलगी मंडपात येत नाही म्हणून.

मुलीचा मामा म्हणजे नितेश, लीलाबाईंचा धाकटा भाऊ. प्रणालीला सायकल, मग मोटारसायकल त्यानंच शिकवलेली.

"मामा, तू नको बसू त्या विमानात," ती म्हणाली.

"अवो बाप्पा, फुकटात विमान भेटून राहिलं अन् नको म्हनतं? तुले मंडपात आनाच्या आंदी खाली येतो न मी."

लग्नाच्या दिवशी विमानं वेळेवर उडाली. वरात कुठली वेळेवर यायला? नवरदेवाचे, श्यामचे मित्र फाटकाबाहेर नाचत होते. गुरुजी घड्याळ दाखवत होते. आकाशात नितेशचं विमान ठरल्याप्रमाणे थांबलेलं, आणि नवरदेव दाराशी पोहोचत नाही म्हणून दादारावांचंही. मुहूर्त टळला तर लोक मुलीकडच्यांनाच नावं ठेवणार. नत्थुजींनी मेहुण्याला फोन लावला, "नितेश, तुमी टाकून घ्या आता. कुठवर थांबसान?"

विमान लॉनकडे वळलेलं पुंडलिकरावांनी वरातीतून पाहिलं. त्यांनीही फोन काढला, "दादाराव, ते पुढे जाऊन राहिले! आपलं आंदी काढा."

वैमानिकांना ज्या वाटेनं जायला सांगून ठेवलं होतं, ती मागे बसलेल्या मामांनी सोडायला लावली. विमानतळाच्या कुंपणाच्या जरा पलीकडे, तुरीच्या वावरावर, दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. डीजे इतका मोठा होता की लॉनवरच्या निम्म्या लोकांना तो फटाका वाटला. काहींनी शिट्ट्या मारल्या.

वावरात कुणीच वाचलं नव्हतं. ही बातमी फोनवर आली आणि आचाऱ्यांच्या मागच्या कनातीत दोन्हीकडचे पुरुष जमले. एकाचा मेहुणा गेला होता आणि दुसऱ्याचाही. तरी पुंडलिकराव म्हणाले, "अक्षता पडू द्या, मंग सांगू. बायकायले आता काई बोलू नका. पुन्हा सुतकात अडकलं का लग्न लांबलं." नत्थुजी "बरं" म्हणाले. दोन्ही वैमानिक परगावची पोरं होती, कुणाच्याच सोयऱ्यातली नव्हती. त्यांच्याबद्दल कनातीत कुणी अक्षरही काढलं नाही.

वधूच्या खोलीत एक चुलत मामा आला. "चाल पोरी, मुहूर्त होऊन राहिला."

"नितेशमामा कुठं हाय?"

"येऊन राहिला तो."

"मंग फोन लावून द्या."

चुलत मामानं मागे पाहिलं. दारात नत्थुजी उभे होते. प्रणालीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि काय झालं ते त्यांच्या तोंडून काढून घेतलं. रडायला ती तिथे थांबली नाही. मुंडावळ्या हातात घेऊन ती भर मंडपातून चालत गेली. आधी आईजवळ, मग श्यामच्या आईजवळ, कुंदाबाईंजवळ. दोघी आपापल्या भावाची वाट पाहत पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"आई, मामा गेला. तुमचा भाऊबी गेला, काकू. या लोकायले ठाऊक होतं, आपल्यालेच सांगतलं नाही."

त्या दोन बायकांचा आक्रोश सांगत बसत नाही. नवरदेवासाठी सजवलेल्या गाडीतून त्या दवाखान्यात गेल्या. लॉनवर मात्र पंगत उठली नाही. अन्न वाया जाऊ नये, असं कुणीतरी म्हणालं आणि ते बऱ्याच जणांना पटलं.

तेरवी झाल्यावर पुंडलिकराव श्यामला घेऊन वरूडला आले. लीलाबाईंनी पाणी दिलं.

"आता विमान नको, डीजे नको," पुंडलिकराव म्हणाले. "साधं लावून टाकू. फक्त एक हाय. लोक म्हनून राहिले का दादाराव मधात घुसला. तुमी चार लोकांत सांगा, चूक तुमच्या विमानाची होती. तुमी पोरीकडचे, तुमाले काय फरक पडते?"

प्रणालीनं श्यामला विचारलं, "तुले काय वाटते?"

तो बापाकडे पाहत म्हणाला, "एका वाक्याचं तर काम हाय."

"मंग हे लग्न होत नाही. मेलेल्या मानसाचाबी पहिला नंबर पायजे तुमाले. मी त्या घरात येत नाही."

"नत्थुजी, पोरीले आवरा."

नत्थुजी उभे राहिले. सोयरीक जुळल्यापासून ज्यांच्यासमोर ते वाकले, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं. "इवाई, तुमी दादारावले फोन केला अन् मी नितेशले. लीले, तुले हे मी सांगतलं नाही आजवर. चार लोकांत सांगाचं तर मी हेच सांगन."

लीलाबाई उठून आत गेल्या. त्यांनी नवऱ्याला अजून माफ केलेलं नाही, आणि करावं अशी अपेक्षाही कुणी धरू नये. श्यामचं लग्न दुसरीकडे जमलं. प्रणाली बागेचं काम पाहते.

नत्थुजी मात्र आता ज्या घरी लग्न निघालं त्या घरी बोलावल्याशिवाय जातात आणि ही हकीगत आपल्या तोंडानं सांगतात. परवा ते एका मुलीच्या घरी गेले. मंडळींनी ऐकून घेतलं, बायकांनी डोळे पुसले, बाप म्हणाला, "तुमचं खरं हाय काका. पन पोराकडचे ऐकत नाहीत."

मग ते त्याच लग्नातल्या मुलाच्या घरी गेले. तिथेही सगळ्यांनी ऐकलं, हळहळले, चहा दिला. मुलाचे वडील म्हणाले, "आमाले काहीच नको हो काका. पन पोरीकडचे ऐकत नाहीत."