खाऱ्या पाण्यातली जोडी

कार्तिकातले कलते ऊन वेंगुर्ल्याच्या बंदरावरून खिडकीत आले, काचेच्या पेटीतल्या खाऱ्या पाण्यात उतरले, आणि त्र्यंबकरावांना पुन्हा ते पत्र आठवले. सुनेचे पत्र. आषाढात आलेले, उत्तरावाचून राहिलेले, शब्दकोशात दडपलेले.

पेटी सुहृदची. मुलगा गेला, त्याचा समुद्र मागे राहिला. जांभळी प्रवाळे, मंदश्वास, झुलती. त्यांच्या कुशीत केशरी माशांची जोडी, शुभ्र पट्ट्यांची, एकमेकांना न सोडणारी. माहेरी गेलेल्या ऋताने लिहिले होते, 'बाबा, ती जोडी मला द्याल का?'

तेवढ्यावर त्यांनी पत्र मिटले. चाळीस वर्षे ग्रंथालयात घालवलेला, हरेक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस; ते पत्र त्याने अर्धेच वाचले. नको म्हणायचे धैर्य नव्हते. हो म्हणायचे मन नव्हते.

आता प्रवाळांवर गंज चढला होता. आधी एक ठिपका, मग दहा, मग अगणित. तांबूस, चपट्या, तांदळाएवढ्या अळ्या. प्रवाळांचा उजेड अडवून पसरलेल्या. जांभळे राखाडी झाले होते, राखाडी पांढरे.

शेजारच्या दमयंतीबाई दारातून म्हणाल्या, "भाऊ, सूनबाईला विचारा की. ती नि सुहृद दोघं मिळून साफ करायची ना ही पेटी?"

"बघतो."

"बघताच तुम्ही. काच तेवढी पुसून घ्या, नीट दिसेल."

जिला उत्तर दिले नाही, तिला प्रश्न कोणत्या तोंडाने विचारायचा? त्यांनी पुस्तके काढली. औषधाचे माप सापडले. तीनदा मांडले, तीनदा खोडले.

सकाळी औषध पाण्यात उतरले, थेंब थेंब. अळ्या सुटल्या, गरगरल्या, गंजलेल्या पाकळ्यांसारख्या झडल्या. आयुष्यात एकदा तरी काही जमले, असे त्यांना वाटले.

दुपारी पाणी धुरकटले. जोडीतली मोठी मादी तळाशी कलंडली, आणि उठली नाही. तडफडणारा नर त्यांनी स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या बादलीत सोडला.

मग शब्दकोश उघडला. पत्राची उरलेली घडी उलगडली.

'तांबूस अळ्या दिसल्या तर घाई करू नका, बाबा. आधी बारीक नळीने ओढून काढायच्या, रोज थोड्या. औषध शेवटी. एकदम मेल्या तर मरताना विष सोडतात. सुहृद नेहमी हेच विसरायचा. जमलं नाही तर कळवा, मी येईन.'

मी येईन. चार महिने ते दोन शब्द घडीत मिटून होते, शाईत जिवंत, वाट पाहत.

या वेळी कच्चा खर्डा नव्हता, खाडाखोड नव्हती. 'चि. ऋता, तुझे पत्र आज पुरते वाचले. जोडी राहिली नाही, माझ्या हातून गेली. एक आहे. येऊन घेऊन जा.'

टपालपेटीच्या लाल तोंडाशी हात थबकला, आणि सुटला. पाकीट आत पडले, कोरडे, हलके. मागे घरात, मावळत्या उन्हात, बादलीच्या काठाकाठाने एक केशरी ठिपका फिरत होता. गोल, आणि गोल, आणि एकटा.