कमरेच्या वर, डोळ्यांच्या खाली

खुर्चीवर उभ्या राहिलेल्या मुलीने चहाचा डबा वरच्या फळीवर सरकवला आणि खाली आईकडे बघितलं.

"जरा पुढे घे," बाई म्हणाल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल टाकून. "मागे गेला की बाबा म्हणतील, चहा संपला."

"आई, एवढं कळतं बाबांना."

"तुझ्या बाबांना पिवळ्या रंगाच्या दहा छटा कळतात. डबा कळत नाही."

बाईंची सगळी नोकरी पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या भांडारात गेली होती. तिथे त्यांना सगळे बाईच म्हणत, आणि ते नाव पुढे घरातही चिकटलं. भांडाराचा त्यांचा एक नियम होता, नव्या माणसाला त्या तो पहिल्याच दिवशी सांगत. रोज लागणारं सामान कमरेच्या वर आणि डोळ्यांच्या खाली. जड ते जमिनीलगत. कधीमधी लागणारं वर. ज्याला हे उमगलं, त्याला अंधारातही हवा तो बोल्ट सापडतो, असं त्या म्हणत, आणि एकदा दिवे गेले तेव्हा त्यांनी तो काढूनही दाखवला होता.

घरही त्यांनी तसंच लावलं होतं. फक्त कंबर आणि डोळे त्यांचे स्वतःचे होते. बाई चणीने लहान आणि नवरा ताडमाड. चहाचा डबा काढायला त्याला एवढं वाकावं लागे की, या घरात मी उंट पाळल्यासारखा राहतो, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. निवृत्त होऊनही त्याला मास्तर म्हणायचं कुणी सोडलं नव्हतं, बाईंनीसुद्धा नाही.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी बाईंना पुढची तारीख दिली नव्हती. काही लागलं तर फोन करा, एवढंच म्हणाले होते. घरी परत येताना मास्तर गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाई मात्र डोक्यात स्वयंपाकघर लावत होत्या. आजवर जे त्यांच्या उंचीचं होतं, ते आता मास्तरांच्या उंचीचं व्हायला हवं होतं. रविवारी मुलीला बोलावून घ्यायचं त्यांनी वाटेतच ठरवलं.

"साखर चहाच्या शेजारी," त्या म्हणाल्या. "आणि मीठ साखरेपासून लांब ठेव. त्यांचा काही भरवसा नाही."

मुलगी हसली नाही. कपाटात तोंड घालून ती आधीच पुसलेला डबा पुन्हा पुसत राहिली. बाईंनी तिला पुसू दिलं.

मुलगी तिच्या घरी परत गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मास्तरांची शाळा सुरू झाली. अंगात त्राण असे ते सकाळीच, म्हणून सकाळी एक धडा. सिलिंडर कसा बदलायचा. पाण्याची मुख्य चावी कुठली. लोकरीचे कपडे कशात धुवायचे. मास्तर मान डोलवायचे, आणि मध्येच म्हणायचे, "गॅलरीत ऊन आलंय बघ. चल, बसू जरा."

"आधी फ्यूज."

"फ्यूज कुठे पळून जात नाही."

"ऊन तरी कुठे जातंय? उद्याही येईल. या इकडे."

उद्या असंच काहीतरी निघायचं. गॅलरीतल्या दोन खुर्च्या रिकाम्याच तापायच्या आणि रिकाम्याच निवायच्या. बाईंना ते दिसत नव्हतं असं नाही. पण कामाला क्रम असतो आणि बसणं हे काम झाल्यावरचं असतं, यावर त्यांनी आयुष्य काढलं होतं. शिवाय त्यांना भीती वाटत होती. स्वतःच्या मरणाची वाटून झाली होती. आता वाटत होती ती या माणसाची, जो उद्या भरल्या डब्यांच्या घरात पाहुण्यासारखा उपाशी उभा राहील. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा हा माणूस. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्याला बघूनच कुणीतरी केली असावी, असं बाई लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून म्हणत आल्या होत्या.

आणि मास्तर शिकतच नव्हते. चहाचा डबा दुपारी वर असायचा आणि संध्याकाळी पुन्हा खालच्या फळीवर. कात्री वरच्या खणातून खालच्या खणात आलेली. गॅसचा लायटर भिंतीवरच्या खिळ्याला लावायचा, तर तो ओट्यावर आडवा.

"अहो, हे काय? पुन्हा खाली?"

"राहिलं वाटतं."

"कितीदा सांगायचं? पालथ्या घड्यावर पाणी नुसतं."

"ठेवतो ना," मास्तर म्हणायचे, आणि त्यांच्यादेखत डबा वर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खाली असायचा.

एकदा बाई रडल्या. रागाने रडल्या. "तुम्हाला माझी शपथ आहे, निदान नीट ऐका तरी. माझ्यात आता रोज तेच तेच सांगायची ताकद नाही." मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंना वाटलं, हा माणूस आपण गेल्यावर टिकायचा नाही. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

सकाळी मास्तर दूध आणायला गेले तेव्हा बाई भिंतीला धरून उठल्या. आज का कोण जाणे, पाय साथ देत होते. मास्तर दूध घेऊन येईपर्यंत आपल्या हातचा चहा टाकावा, असं त्यांच्या मनात आलं. कितीतरी दिवसांत त्यांनी तो केला नव्हता. ओट्याशी येऊन त्यांनी सवयीने हात पुढे केला आणि चहाचा डबा हाताला लागला. खालच्याच फळीवर होता. पुन्हा.

रागवायला त्यांनी तोंड उघडलं, पण घरात कुणी नव्हतं. म्हणून त्या नुसत्या बघत राहिल्या.

डब्याच्या शेजारी कान तुटलेला त्यांचा कप होता, जो मास्तर कधीच वापरत नसत. त्याच्या बाजूला चहाचं गाळणं. लायटर ओट्यावर, उजव्या हाताला. त्यांनी खालचा खण ओढला. कात्री होती, आणि कात्रीजवळ त्यांचा कंगवा, त्यांचं मलम. मग त्यांनी मान वर केली. वरच्या फळीवर डाळी, तांदूळ, तिखट, मीठ, सगळं रांगेत होतं, झाकणं घट्ट, प्रत्येक डबा फळीच्या कडेशी आणलेला. फ्यूजच्या तारेचं रीळ खिळ्याला होतं. मोठी पातेली जमिनीलगत. मास्तरांनी एकही गोष्ट चुकवली नव्हती. चुकल्या होत्या त्या फक्त बाईंच्या वस्तू, आणि त्याही सगळ्या एकाच उंचीवर.

भांडारात माल चुकीच्या जागी सापडला की बाई आधी एकच बघत. इकडेतिकडे विखरून चुकला असेल तर गबाळेपणा. एकाच फळीवर चुकत असेल तर कुणीतरी तो मुद्दाम ठेवतंय. एवढं साधं इतके दिवस आपल्याला दिसू नये, याचं त्यांना नवल वाटलं.

दार उघडल्याचा आवाज झाला. मास्तर पिशवी घेऊन आत आले आणि त्यांना उभं बघून तिथेच थबकले.

"उठलीस कशाला?"

"फ्यूज उडाला तर तार कुठे?" बाईंनी विचारलं.

"दाराच्या मागे, खिळ्याला."

"मिठाचा डबा?"

"वरची फळी, खिडकीकडून दुसरा. साखरेपासून लांब."

"लोकरीचं काय?"

"गार पाणी. पिळायचं नाही. टॉवेलवर पसरायचं." मास्तरांनी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. "पाण्याची चावी जिन्याखाली, डावीकडची. विचार अजून काय ते."

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. चहाचा डबा दोन्ही हातांनी उचलून त्या तो वर ठेवायला गेल्या. हात खांद्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. मास्तरांनी तो त्यांच्या हातून घेतला, कमरेत वाकून खालच्या फळीवर ठेवला आणि सरळ होताना पाठीवर हात दाबला.

"तुमची पाठ," बाई म्हणाल्या.

"वाकते अजून."

"मी गेल्यावर वर ठेवायचा."

"तेव्हाचं तेव्हा," मास्तर म्हणाले. "तू आहेस तोवर तुझं सामान कुठे ठेवायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही."

बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. कितीतरी सकाळी शिकवण्यात गेल्या, आणि हा माणूस पहिल्याच आठवड्यात सगळं शिकून बसला होता. त्या सकाळी आता कुठल्या खणात सापडणार नव्हत्या.

"साखर राहिली वर," त्या म्हणाल्या. "तीही खाली घ्या."

मास्तरांनी साखर खाली घेतली. बाईंनी चहा केला, अर्धा ओट्यावर सांडला आणि कुणी तो पुसला नाही.

"गॅलरीत ऊन असेल का अजून?" बाईंनी विचारलं.

"असेल थोडं."

ऊन समोरच्या इमारतीमागे गेलं होतं. तरीही ते दोघं बसले, कप गार होईपर्यंत.

त्यानंतर धडे बंद झाले आणि रोज गॅलरी ठरली. पण गॅलरीचे दिवस फार मिळाले नाहीत. बाईंचा हात उतरत गेला तसं त्यांचं सामान उतरत गेलं, फळीवरून ओट्यावर, ओट्यावरून स्टुलावर, आणि मग बाई उठेनाशा झाल्या तेव्हा सगळं पलंगाशेजारच्या छोट्या टेबलावर आलं. मास्तरांनी ते भांडारासारखं लावलं होतं. पुढे औषधांच्या बाटल्या, त्यामागे पाणी, मलम, कंगवा, घंटी. स्वतःची खुर्ची त्यांनी पार भिंतीशी नेली होती, बाटल्यांना धक्का लागू नये म्हणून.

मुलगी आता राहायलाच आली होती. तिने टेबलाकडे बघितलं आणि म्हणाली, "बघ आई, बाबांनी किती नीट लावलंय."

बाईंनी मान वळवून टेबल तपासलं. सावकाश, नव्या माणसाचं काम तपासावं तसं.

"चुकलंय," त्या म्हणाल्या.

मास्तर उठून जवळ आले. "काय चुकलं?"

"बाटल्या मागे न्या. त्या तशाही तुम्हीच देता." श्वास घ्यायला त्या थांबल्या. "रोजचं काय लागतं, ते पुढे ठेवायचं असतं. किती वेळा सांगितलंय."

मास्तर टेबलाकडे बघत राहिले. कंगवा पुढे घ्यावा की पाणी, त्यांना कळेना. मग बाईंची नजर भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीकडे गेली आणि तिथेच थांबली.

मास्तरांनी टेबल बाजूला सरकवलं, खुर्ची ओढून पलंगाला भिडवली आणि बसले. पण ते पडले उंच. बाईंचा हात चादरीवरून थोडा पुढे आला आणि अडला. मास्तर वाकले, पाठ दुखेपर्यंत वाकले, आणि मग तो हात त्यांच्यापर्यंत पोचला.