परातीतलं पाणी

पारनेर तालुक्यातल्या निम्म्या विहिरी आपल्या हातच्या आहेत, असं कचरू सांगायचा आणि कोरड्या निघालेल्या सोडल्या तर ते खरंही होतं. आता गुडघे गेले होते. त्याची सून रश्मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायची. रविवारी दुपारी ती दुसऱ्या दिवसाचा धडा मोठ्यानं वाचून तयारी करी, तेव्हा हक्काचा विद्यार्थी म्हणजे कचरू.

त्या रविवारी धडा होता कॉन्स्टॅन्टिनोपलचा. साल १४५३. तुर्कांनी शहराला वेढा घातलेला. तोफांनी तट पडेना, म्हणून सुलतानानं चांदीच्या खाणीतले कामगार आणून तटाखालून भुयारं खणायला लावली.

“मंग आतल्यांना कसं कळलं?” कचरू सावरून बसला. हे त्याच्या धंद्यातलं होतं.

“असं सांगतात मामा, की ते तटाजवळ पाण्यानं भरलेली भांडी ठेवायचे. खाली कुणी खणत असलं की पाणी थरथरायचं. मग आतून उलटं भुयार खणून त्यांना गाठायचं आणि धूर कोंडून मारायचं.”

“आन् मेलेल्यांना वर कुणी काढलं?”

रश्मीनं पान उलटून पाहिलं. “तसं काही दिलेलं नाही.”

कचरूचं तोंड उतरलं. सव्वीस वर्षांपूर्वी ओढ्याकाठच्या विहिरीची कड ढासळली, तेव्हा त्याचा जोडीदार छगन खाली होता. सगळं गाव काठावर जमलं. दोन गडी कमरेला दोर बांधून तयार झाले. कचरूनं मातीत पहार रोवून तिला कान लावला, कारण जमिनीचं ऐकावं तर त्यानंच, असं सगळे मानत. “काय न्हाई,” तो म्हणाला. गड्यांनी दोर सोडले, विहीर बुजवली गेली. खरं तर खालून टकटक येत होती. तीनदा, मग थांबून पुन्हा तीनदा. पहिलं आपल्यालाच उतरावं लागेल, या भीतीनं त्याची गाळण उडाली होती. हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नाही.

सोमवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. वीज गेल्यामुळे गिरणी बंद होती, वाराही पडला होता. उगाच गंमत म्हणून कचरूनं पितळी परात पाण्यानं भरून फरशीवर ठेवली. पाणी तीनदा थरथरलं. थांबलं. पुन्हा तीनदा थरथरलं.

“बोअरची गाडी चालू असेल कुठंतरी,” संध्याकाळी शाळेतून आल्यावर रश्मी म्हणाली. गावात कुठंच बोअर चालू नव्हती, त्यानं विचारून घेतलं. मंगळवारी त्यानं परात ओढ्याच्या बाजूला अंगणात ठेवली, तिथं पाणी जास्त हललं. बुधवारी ओट्यावर. गुरुवारी त्याच्या खाटेखाली, आणि तेही इतकं की काठावरून सांडलं. छगन आपल्याला न्यायला येतोय, याबद्दल त्याला शंका उरली नाही. घास घशाखाली उतरेना.

शुक्रवारी खाटेखालचं पाणी हललं नाही. शनिवारीही नाही. सुटलो एकदाचा, असं म्हणत त्यानं दोन भाकरी हाणल्या आणि खात्री करावी म्हणून परात परसात नेऊन ठेवली. तिथं पाणी हलत होतं.

खणणारा त्याच्या घराखालून पुढं निघून गेला होता. त्याचं कचरूकडे काही कामच नव्हतं. परात घेऊन कचरू वीस-वीस पावलांवर थांबत गेला. पोरं हसली, म्हाताऱ्याला वेड लागलं म्हणाली. पाण्याचा माग गल्लीच्या टोकाला जात होता. तिथं छगनची बायको बनुबाई एकटी राहायची. कचरू अर्ध्या वाटेतून मागं फिरला. पुढं जायची त्याची छाती झाली नाही, आणि स्वतःची लाजही वाटली.

रविवारी सकाळी मात्र तो गेलाच. बनुबाईच्या पायरीवर त्यानं परात टेकवली. पाणी अगदी निवांत होतं.

दार किलकिलं झालं. बनुबाईच्या पदराला ओला मुरूम लागला होता.

“वैनी,” कचरूला रडू फुटलं, “छगन जिता हुता. मी ऐकलं हुतं. मी भ्यालो.”

बनुबाईनं तोंडावर बोट ठेवलं. “ठावं हाय मला. त्यांनीच सांगितलं काल.” तिनं बाहेर येऊन दार हळूच ओढून घेतलं. “तुमी जावा आता, भावजी. पाय न वाजवता जावा. आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा.”