सुताराच्या तोंडातली कवळी

मी कवळी बोलतेय. नाक मुरडू नका, मलाही तुमच्याशी गप्पा मारायची हौस नाही. त्यातून मी साधी कवळी नव्हे. गाठ झाली म्हणून एका सुताराचा वरचा जबडा अर्धा काढला आणि तोंडातून थेट नाकात भोक राहिलं. ते बुजवायला मला घडवली. चार दात, गुलाबी टाळू आणि भोकात बसणारा पोकळ गोळा, एवढा माझा संसार.

आरशात बघून तो पहिलं वाक्य बोलला, "ही कसली ब्याद!" झालं माझं स्वागत. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "काका, चांगल्या बाजूनेच चावा. टोचलं तर माझ्याकडे या, घरी काही करू नका." त्याने मान डोलावली. अशी मान डोलावणारी माणसं माझ्या डोक्यातच जातात.

मी येण्याआधी एकदा चारचौघांत जेवताना त्याच्या नाकातून दूध आलं होतं. तेव्हापासून स्वारी आतल्या खोलीत, दार लावून जेवायची. मी आले तरी तेच. बायको बाहेर एकटी बसून कसेबसे दोन घास गिळायची. त्याला मात्र फक्त स्वतःचीच लाज दिसत होती.

मी टोचले. नवी होते, टोचणारच. पण हा डॉक्टरकडे जाईल तर शपथ! दार घासलं की रंधा मारायचा, एवढंच त्याला ठाऊक. त्याने कानस काढली आणि माझा गोळा घासला. "आता बघ कशी बसते!" बसले की. मग तो पाणी प्यायला आणि सगळं नाकातून शर्टावर आलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

मला आपटायला त्याने हात उगारला, तो बायकोने धरला. "फोडा! पण मग उद्यापासून मीही जेवणार नाही. जिवंत नवऱ्याच्या घरात एकटीने जेवायचा कंटाळा आलाय मला."

तो खाली बसला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या शिव्या खाऊन त्याने माझ्या गोळ्यावर नवा थर चढवून आणला.

आज मुलगा, सून आणि नात घरी आलीत आणि तो सगळ्यांबरोबर जेवायला बसलाय. पहिल्याच घासाला त्याने घाई केली आणि नाकातून थेंबभर वरण आलं. सगळ्यांचे घास हातातच राहिले. शेजारी बसलेली नात म्हणाली, "आजोबा, नाक पुसा," आणि आपल्या ताटातलं खाऊ लागली.

एवढ्याला भिऊन हा माणूस दाराआड जेवत होता! असा संताप आला म्हणून सांगू. पण त्याने दुसरा घास उचलला, आणि मी मुकाट्याने भोक घट्ट बुजवून बसले.