पंच क्रमांक एक

वडजाई फाट्यावर सोमाजीचं इस्त्रीचं दुकान पोलीस चौकीच्या अगदी समोर. मध्ये फक्त डांबरी रस्ता, तोही कांद्याच्या ट्रकांनी निम्मा उखडलेला. चौकीतल्या सगळ्या वर्द्या सोमाजीकडं यायच्या. खाकी पँटीची घडी अशी पाडायचा की बाळासाहेब हवालदार म्हणायचे, "सोमाजीराव, या घडीवर कांदा चिरता येईल राव!" आणि वर्दीच्या पिशवीत, शर्टाखाली, कधीकधी कागदही यायचे. पंचनाम्याचे. कोरे.

आता पंचनामा म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पोलिसांनी काही जप्त केलं, आरोपीनं कुठं काही काढून दिलं, की दोन त्रयस्थ माणसांनी ते डोळ्यांनी बघायचं आणि खाली सही करायची. डोळ्यांनी! पण धंदा सोडून हवालदाराच्या मागं उन्हातान्हात हिंडणार कोण? जीप दिसली की अख्खा फाटा मागच्या दारानं पसार. म्हणून बाळासाहेबांनी सोपं करून टाकलं होतं. सही आधी, पंचनामा मागाहून. "सोमाजीराव, दोन ठिकाणी ठोका." सोमाजी इस्त्री उभी करायचा, हात पुसायचा आणि ठोकायचा. अक्षर मोत्यासारखं, शाळेत बक्षीस मिळवलेलं. दुसऱ्या पंचाची सही कुणाची असायची, देव जाणे.

बरं, त्याला काही मिळत होतं म्हणावं, तर तेही नाही. कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिभेवर यायचंच नाही, एवढीच काय ती बोंब. कोर्टाचं बोलावणं आलं तर आदल्या दिवशी हवालदार सगळं पाठ करून घ्यायचे आणि सोमाजी पिंजऱ्यात उभा राहून शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणून दाखवायचा. गावात वजन वाढलं. सोमाजी पंच आहे म्हणजे खरंच असणार, असं लोक म्हणायचे. त्यालाही वाटायचं, आपण कायद्याला हातभार लावतोय. डोंबलाचा हातभार!

मागल्या वर्षी फेब्रुवारीत कालव्याकाठच्या पाण्याच्या मोटारींच्या केबली चोरीला जायला लागल्या. शेतकरी खवळले, मोर्चाची भाषा सुरू झाली, वरून चौकीला फोनवर फोन. चोर पाहिजे होता, तोही आठवड्याच्या आत. एका मंगळवारी दुपारी चौकीच्या मागच्या खोलीतून ओरडणं ऐकू यायला लागलं. सोमाजीला ते नवीन नव्हतं. त्यानं नेहमीसारखा रेडिओचा आवाज वाढवला आणि बाळासाहेबांच्याच शर्टाची कॉलर दाबून काढली.

आत दत्ता होता. त्याच्या सख्ख्या बहिणीचा, नंदाचा मुलगा.

दत्ता पिकअप चालवायचा, टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात पोचवायचा. रोज पहाटे कालव्याच्या रस्त्यानं जायचा, एवढाच त्याचा गुन्हा. जीप मागच्या बाजूनं आली, म्हणून सोमाजीला दिसला नाही. संध्याकाळी नंदा ऊर बडवत दुकानात आली तेव्हा त्याला कळलं, आणि त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल? रेडिओ बंद केला. आता बंद करून काय उपयोग होता म्हणा!

अठरा दिवसांनी पोरगा जामिनावर बाहेर आला. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी, डावा कान ठार बंद. ड्रायव्हरचा डावा हात गेला म्हणजे गिअर टाकणार कशानं? पिकअपच्या मालकानं दुसरा माणूस ठेवला. दत्ता ओट्यावर बसून राहायला लागला. हाक मारली तर मान वळवायचा, तीही चुकीच्या बाजूला.

मग नंदाचे हेलपाटे सुरू झाले. सोबतीला शेजारची झुंबरबाई. झुंबरबाई तोंडानं तिखट, पण नंदाला एकटीला कधी जाऊ दिलं नाही तिनं. वास्तविक तिच्या घरातच पोलिसांचं नाव काढायची सोय नव्हती. तिचा संपत चार वर्षांपूर्वी पाण्याची मोटार चोरल्याच्या केसमध्ये चौदा महिने येरवड्याला जाऊन आलेला. सुटून आला तेव्हा तिनं त्याला उंबऱ्याच्या आत घेतला नाही. "चोराची आई म्हणून जगायचं न्हाई मला," म्हणाली. पोरगा तसाच पाठमोरा चाकणला निघून गेला. पण नंदाला ती सांगायची, "तुझा दत्ता तसला न्हाई. माझ्याचं नशीब फुटकं निघालं, तुझ्याचं कशाला फुटू द्यायचं?"

तर दोघींनी चौकीत तक्रार द्यायला जावं, तर साहेब बंदोबस्ताला. परत जावं, तर साहेब जेवायला. तिसऱ्यांदा जावं, तर लिहून घेणारा रजेवर. चौकीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं, तर कॅमेरा दुरुस्तीला. शेवटी पुण्याला वरच्या साहेबाकडं रजिस्टर अर्ज पाठवला. तीन महिन्यांनी पत्र आलं: अर्ज योग्य त्या चौकशीसाठी संबंधित चौकीकडं वर्ग केला आहे. आणि चौकशीला नंदाला समोर बसवलं कुणी? बाळासाहेब हवालदारांनी! पेनाचं टोपण काढून म्हणतात कसे, "हं, सांगा मावशी. माझ्याविरुद्ध तुमची काय तक्रार आहे?"

आता यावर माणसानं हसावं का डोकं आपटावं? नंदा उठून आली.

त्या चौकशीचा अहवाल आला त्या दिवशी झुंबरबाई आळे गावी लेकीकडं गेली होती. नंदा एकटीच कागद घेऊन दुकानात आली आणि तो इस्त्रीच्या टेबलावर पसरला. आरोपीनं स्वखुशीनं केबल लपवल्याची जागा दाखवली, तिथून पळताना तो कालव्याच्या सिमेंटवर पडला, त्यात हाताला व कानाला मार लागला. वार तोच मंगळवार, वेळ साडेअकरा ते एक. चित्रीकरण मोबाईलची बॅटरी उतरल्यानं करता आलं नाही. सोबत पंचनाम्याची नक्कल. पंच क्रमांक एक: सोमाजी. खाली सही. मोत्यासारखी.

"दादा, तू तिथं व्हतास?"

"न्हाई."

"मग ही सही कुनाची?"

"माझी."

"मंजी व्हतास."

"न्हाई गं बाई! कोऱ्यावर केली व्हती. आदल्या दिवशी. मला काय ठावं ह्यावर काय लिवत्याल!"

नंदा त्याच्याकडं बघत राहिली. राग असता तर सोमाजीला सोसला असता. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. "मामा हाईस तू त्याचा," एवढंच म्हणाली आणि कागदाची घडी करून गेली. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही, झुंबरबाईलाही नाही. भावाची लाज ती आपली लाज.

सोमाजी तिरीमिरीत चौकीत गेला. बाळासाहेबांनी चहा मागवला. "अहो सोमाजीराव, भाचा आहे हे सांगायचं नाही का आधी? दुसऱ्याची सही घेतली असती की." हे ऐकून सोमाजीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "आता कोर्टात शिस्तीत बोला. सहीला नाही म्हणालात तर खोट्या साक्षीचा गुन्हा दाखल होतो. आणि तुमचं दुकान रस्त्याच्या हद्दीत येतं, बरं का. आम्हीच आजवर कानाडोळा केलाय."

दत्ताची वकील अश्विनी, वयानं दत्ताएवढीच. तिच्याकडं सोमाजी स्वतःहून गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि गोड बोलून आशा लावली नाही. "काका, खरं बोललात तर सरकारी वकील तुम्हाला फितूर साक्षीदार म्हणतील. आधीच्या सह्यांचंही विचारतील. तुम्ही अडचणीत येऊ शकता."

"थांबा थांबा. खोटी सही करत व्हतो तवर मी पंच. आन खरं बोललो की फितूर?"

"कायद्याच्या भाषेत, हो."

"मग त्या भाषेला एकदा धुऊन इस्त्री करायला पायजेल, ताई," सोमाजी म्हणाला, आणि पायात चपला सरकवल्या.

साक्षीची तारीख चारदा पुढं गेली. एकदा जज्जसाहेब रजेवर, एकदा हवालदार गैरहजर, एकदा मुद्देमालच सापडेना, एकदा तर का गेली ते कुणालाच कळलं नाही. प्रत्येक वेळी सोमाजी दुकान बंद करून जुन्नरला जायचा, बाकावर बसायचा आणि परत यायचा. मधल्या काळात चौकीतल्या वर्द्या यायच्या बंद झाल्या. दुकानाच्या भिंतीवर कुणीतरी हद्दीची लाल खूणही मारून गेलं.

पाचव्या तारखेला पुकारा झाला. मागच्या बाकावर नंदा, दत्ता आणि झुंबरबाई. बाळासाहेब दाराशी उभे, पँटीला धड घडी नाही. सोमाजीच्या नजरेतून तेवढं सुटलं नाही.

"पंचनाम्यावरची सही तुमची?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"माझी."

"त्या वेळी आपण जागेवर हजर होतात?"

"न्हवतो."

वकिलांनी चष्मा वर केला. "नीट विचार करून सांगा."

"दीड वरीस तेच करतोय साहेब. त्या टायमाला मी दुकानात व्हतो. ह्या हवालदारांचा शर्ट माझ्या टेबलावर व्हता, आन दत्ता कालव्यावर न्हाई, समोर चौकीत व्हता. वरडत व्हता. मला ऐकू येत व्हतं."

"आरोपी तुमचा भाचा. भाचा ओरडतोय आणि तुम्ही ऐकत बसलात? कोण विश्वास ठेवील?"

"भाचा हाय ते ठावं न्हवतं. कुनाचं तरी पोरगं हाय, एवढं ठावं व्हतं. म्या रेडिओ मोठा केला."

दत्तानं उजवा कान पुढं केला होता. एक शब्द त्याला सोडायचा नव्हता.

सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून टाकलं आणि चिडून विचारलं, "म्हणजे तुम्ही न बघता सह्या करता? याआधीही असंच केलंत?"

"व्हय."

"कोणत्या केसमध्ये?"

"सगळ्याच. एकबी जागा मी डोळ्यांनी बघितलेली न्हाई. पाठ करून बोललो."

जज्जसाहेबांनी ते शब्दाला शब्द लिहून घ्यायला सांगितलं. बाळासाहेब हवालदारांना पुढच्या तारखेला खुलासा द्यायला सांगितलं. हो, पुन्हा तारीखच! पण अश्विनीनं फाईल मिटता मिटता नंदाच्या हातावर हात ठेवला आणि या दीड वर्षात पहिल्यांदा नंदाला मोकळा श्वास आला.

सोमाजी बाहेर आला. दत्ता पुढं होऊन त्याच्या पाया पडला, तर सोमाजीला तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. वाटलं, सुटलो. घरी जावं, पाणी प्यावं, पडावं.

झुंबरबाई समोर येऊन उभी राहिली. नेहमी तोफखान्यासारखी सुटणारी बाई, पण आज बोलली ती अगदी हळू.

"सगळ्याच म्हनलास न्हवं आत्ता?"

सोमाजीनं मान खाली घातली.

"माझ्या संपतनं हिरीवर जाऊन मोटार काढून दिली, ती तू बघितलीस. ह्याच कोर्टात सांगितलंस. मी ऐकलंय माझ्या कानानं. पोरगं वरडून सांगत व्हतं, आये मी न्हाई, आये मी न्हाई. म्या त्याला म्हनलं, गप. सोमाजी खोटं बोलायचा न्हाई."

"झुंबरबाई..."

"बघितलीस का न्हाई?"

"न्हाई."

नंदानं तिचा दंड धरला, तर तिनं तो झटकून टाकला. सोमाजीला वाटलं, आता ही कानाखाली ठेवून देईल, आणि द्यावी. निदान तेवढं तरी होऊन जाईल. पण तिनं कमरेचा बटवा सोडला, आतून बटणांचा मोबाईल काढला आणि त्याच्यापुढं धरला.

"नंबर हाय त्याच्यात. तीन वरसं मी लावला न्हाई. कंच्या तोंडानं लावू आता? तू लाव."

"म्या काय सांगू त्याला?"

"जे आत सांगितलंस ते."

आत सांगणं सोपं होतं. आत विचारणारे वकील होते, लिहून घेणारा कारकून होता. सोमाजीच्या अंगठ्याला बटणं सापडेनात. शेवटी रिंग गेली. पलीकडं यंत्रांची घरघर आणि त्यातून मोठ्यानं आवाज आला, "आये?"

झुंबरबाईनं पदर तोंडात कोंबला.

"मी सोमाजी बोलतोय," तो म्हणाला. "फाट्यावरचा. इस्त्रीवाला."

पलीकडून फोन ठेवला गेला नाही. यंत्रांची घरघर लांब लांब जात राहिली, जणू कुणी फोन कानाला लावून शांत कोपरा शोधत चाललंय.

"बोल की आता," झुंबरबाई म्हणाली. "थांबलाय त्यो."