रुमालात जपलेलं प्रीमियम कार्ड

मी एक जुनं बँकेचं कार्ड आहे. माझं वय फार नाही मित्रांनो, पण माझा एक कोपरा कापलेला आहे आणि कोपरा कापलेल्या कार्डाला कोणी नवं म्हणत नाही. माझा रंग सोनेरी आहे आणि माझ्या अंगावर ठळक इंग्रजी अक्षरांत एकच शब्द आहे, प्रीमियम. त्या शब्दापायी एका घराचा जीव कसा टांगणीला लागला आणि मी तो सारा काळ कसा भीत भीत काढला, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या मोठ्या तावातून मला कापून काढलं आणि अंगात चिप बसवली. शेजारच्या यंत्रातून साधी निळी कार्डं पडत होती. त्यांना साध्या लिफाफ्यात कोंबलं आणि मला मात्र जाड कागदाच्या सुंदर पाकिटात ठेवलं, तेव्हा मी चांगलाच फुशारलो. पाकिटात एक चकचकीत पुस्तिका होती. विमानतळावरच्या आरामखोलीत फुकट बसा, गोल्फ खेळा, लॉकरचं भाडं कमी द्या, असं काय काय त्यात लिहिलेलं होतं. मला वाटलं, मी एखाद्या विमानातून फिरणाऱ्या साहेबाच्या खिशात जाणार. पण मी जाऊन पोहोचलो सोलापुरात, अक्कलकोट रस्त्याच्या कडेला, मेंढरांच्या वाडग्याला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या घरात.

त्या घरात राजाबाई राहायची. ती मूळची सांगोल्याकडची. तिचा नवरा आजारी पडला तेव्हा दवाखान्याने तिचा अख्खा कळप खाल्ला होता. आज चार मेंढरं, उद्या सहा, असं करत वाडगं जवळजवळ रिकामं झालं आणि तरी माणूस हाती लागला नाही. उरलेल्या दोन माद्या आणि लहानगा बिरदेव यांना घेऊन ती सोलापूरला आली. माळावर, रिकाम्या प्लॉटवर मेंढरं चारत तिने पुन्हा कळप उभा केला. बिरदेव शिकला आणि टॉवेलच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीच्या कामाला लागला. सगळं मार्गी लागलं, पण राजाबाईच्या मनातली भीती काही गेली नाही. रस्त्यावरून अँब्युलन्स ओरडत गेली की ती हातातलं काम टाकून वाडग्यापाशी जाऊन उभी राहायची. पुन्हा कोणी आजारी पडेल आणि पुन्हा मेंढरं जातील, एवढी एकच गोष्ट तिला खायची.

मग बिरदेवचं सोनालीशी लग्न झालं. हळद उतरायच्या आत दोघं जोडीने खातं काढायला बँकेत गेली. राजाबाईही सोबत होती. तिथे रेश्मा मॅडम नावाच्या अधिकारी होत्या. त्यांनी दोघांचं अभिनंदन केलं, चहा मागवला आणि नव्या जोडप्याने साधं खातं काढायचं नाही, प्रीमियमच काढायचं, असं गोड बोलून पटवलं. त्या वाईट नव्हत्या मित्रांनो. महिना संपत आला होता, त्यांचं टार्गेट पुरं व्हायचं होतं आणि वरच्या साहेबाचा फोन सारखा वाजत होता. घाबरलेल्या माणसाला समोरच्याचं नीट ऐकू येत नाही, हे मी पुढे पुष्कळदा पाहिलं.

राजाबाईने एकच प्रश्न विचारला होता.

"प्रीमियम म्हंजी हप्ता की, मॅडम? इम्याचा?"

मॅडमचा डोळा फोनवर होता. "हो हो मावशी, सगळं त्यातच आलं," त्या म्हणाल्या आणि सही कुठे करायची ते दाखवू लागल्या.

तुमच्या घरीही पाहा. विम्याचा हप्ता भरायचा झाला की मोठी माणसं म्हणतात, प्रीमियम भरायचा आहे. राजाबाईने हा शब्द आयुष्यात तेवढ्याच एका अर्थाने ऐकला होता. त्यामुळे तिच्या मनात पक्कं बसलं की हे विमा उतरवलेलं खातं आहे. आता घरात कोणी आजारी पडलं तर बँक बघून घेईल आणि मेंढरांना कोणी हात लावणार नाही. बँकेच्या पायऱ्या उतरताना ती किती तरी वर्षांनी मोकळेपणाने हसली, असं सोनाली नंतर सांगायची.

मी घरी आलो तेव्हा राजाबाईने मला भंडारा लावला. नवऱ्याच्या जुन्या पिवळ्या रुमालात मला बांधलं आणि देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाशेजारी ठेवलं. बिरदेवचे रोजचे व्यवहार फोनवरच व्हायचे, त्यामुळे मला बाहेर काढायची कोणाला गरजच पडली नाही. रोज सकाळी उदबत्ती लागायची आणि राजाबाई आधी देवाला, मग मला हात जोडायची. सुरुवातीला मला याचं भारी कौतुक वाटलं. पण एके दिवशी हात जोडून ती पुटपुटली, "पोरांस्नी दवाखान्यात काय कमी पडू देऊ नगं," आणि माझ्या अंगातून भीतीची शिरशिरी गेली. ती माझ्याकडे काय मागते आहे, हे मला तेव्हा कळलं. माझ्यापाशी त्यातलं काहीच नव्हतं. माझ्यापाशी विमानतळावरची आरामखोली होती.

मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

प्रीमियम खात्यात बरीच मोठी रक्कम कायम पडून राहावी लागते. ती घटली की बँक दंड कापते. नव्या संसारात रक्कम कुठली पडून राहणार? गॅसची शेगडी आली, कपाट आलं, सोनालीच्या माहेरचे पाहुणे आले आणि खातं रोडावलं. मग बिरदेवच्या फोनवर इंग्रजीत संदेश यायचा. त्यातले दोनच शब्द त्याच्या नजरेत भरायचे, प्रीमियम आणि डेबिट. आई, प्रीमियम गेला बघ, असं तो सांगायचा आणि राजाबाई समाधानाने देव्हाऱ्याकडे बघायची. ती दंडालाच हप्ता समजत होती आणि दंड बसला की तिला शांत झोप लागायची.

एकदा दिवाळीचा बोनस खात्यात राहिला आणि दंड कापलाच गेला नाही. राजाबाईची पाचावर धारण बसली. हप्ता चुकला, आता विमा तुटला म्हणून तिने बिरदेवला कामावरची सुट्टी काढायला लावून बँकेत पिटाळलं. काउंटरवरच्या माणसाला आमचा का कापला नाही असं विचारणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं असावं. काही काळजी करू नका, खातं व्यवस्थित चालू आहे, असं त्याने सांगितलं. बिरदेवने घरी येऊन तेच सांगितलं आणि चालू आहे एवढं ऐकून राजाबाईचा जीव भांड्यात पडला. मी मात्र रुमालात थरथरत होतो, कारण आता खरं काय ते कळायचा आणखी एक रस्ता बंद झाला होता.

सोनालीला थोडी शंका होती. ती एका औषधांच्या दुकानात काम करायची आणि विम्याची कागदं तिच्या डोळ्यांखालून जायची. तिने एकदा दुकानातून खऱ्या आरोग्य विम्याची माहिती आणली. ती राजाबाईला म्हणाली, "आत्या, प्रीमियम म्हंजी नुसतं भारीतलं, असं बी असतंय की. आपण एकदा इचारू या का?"

"एकाच घरात दोन हप्तं कशाला गं?" राजाबाई म्हणाली. "आपला चालू हाय की."

घरात येऊन सोनालीला सहा महिनेही झाले नव्हते. नवी सून सासूचं बोलणं खोडून काढत नाही, अशी त्या घराची रीत होती. तिने बिरदेवकडे पाहिलं, पण तो कामावरून दमून आला होता. असंल, एवढंच तो म्हणाला. मी मनातल्या मनात सोनालीला विनवत होतो, अजून एकदा विचार, फक्त एकदा. पण ती कागदं तिने कपाटात ठेवून दिली. त्या दिवसापासून बिरदेव साधा शिंकला तरी मला धडकी भरायची.

आणि उन्हाळ्यात एका दुपारी बिरदेव पोट धरून घरी आला. तोंड पांढरंफटक पडलं होतं, बोलायला होत नव्हतं. सोनालीने रिक्षा बोलावली. राजाबाईने देव्हाऱ्यातला रुमाल उचलून कमरेला खोवला. रिक्षात सोनाली रडत होती आणि राजाबाई तिलाच धीर देत होती. "भ्यायचं न्हाई. आपला हप्ता हाय," ती सारखी म्हणत होती. मित्रांनो, त्या रिक्षात सगळ्यात जास्त मी भ्यालो होतो. वाटेत पंक्चर व्हावं, माझे दोन तुकडे व्हावेत, काहीही व्हावं, पण राजाबाईने मला त्या काउंटरवर ठेवू नये असं मला वाटत होतं. पण रिक्षा कुठेही न अडखळता दवाखान्यात पोहोचली.

डॉक्टरांनी तपासून अपेंडिक्स सांगितलं. ऑपरेशन लगेच करावं लागणार होतं. विम्याच्या काउंटरवर निंगप्पा नावाचा अक्कलकोटकडचा एक मध्यमवयीन माणूस बसला होता. राजाबाईने रुमालाची गाठ सोडली आणि मला त्याच्यासमोर ठेवलं.

"हप्ता एकदा बी चुकला न्हाई आमचा," ती म्हणाली.

निंगप्पाने मला उलटून पाहिलं. माझ्या कडेला भंडारा लागलेला होता, तो त्याच्या बोटांना लागला. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आज्जी, हे पैसे काढायचं कार्ड हाय. इम्याचं न्हवं."

"प्रीमियम लिवलंय की त्येच्यावर."

"लिवलंय. पर ते हप्त्याचं प्रीमियम न्हवं आज्जी. भारीतलं म्हणून लिवत्यात तसं."

राजाबाई माझ्याकडे बघत राहिली. तिने इतके दिवस मला हात जोडले होते, पण असं निरखून पाहिलं नव्हतं. सोनालीने गळ्यातलं मंगळसूत्र काढायला हात वर नेला, तेव्हा तिने तो धरला. "ते ऱ्हाऊ दे. मेंढरं हायती," असं म्हणून तिने सोनालीच्या फोनवरून व्यापाऱ्याला बोलावलं. तिकडे टेम्पो लागला, इकडे ऑपरेशन झालं. बिरदेव वाचला.

दुसऱ्या दिवशी मेंढरांचे पैसे खात्यात जमा झाले आणि बिल भरायला मला मशीनला लावलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलंच काम. राजाबाईचा कळप माझ्यातून गेला मित्रांनो. मला फार फार वाईट वाटलं. ती घरी परतली तेव्हा वाडग्यात दोन माद्या उरल्या होत्या, सांगोल्याहून आली होती तेवढ्याच.

बिरदेव हिंडूफिरू लागल्यावर सोनाली मला घेऊन बँकेत गेली. साधं खातं करून द्या, असं तिने सांगितलं. झालेलं ऐकून रेश्मा मॅडमचा चेहरा उतरला. आपण विमा आहे असं म्हटलंच नव्हतं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या.

"तुमी खोटं न्हाई बोलला, मॅडम," सोनाली म्हणाली. "पर आत्यांनी इचारलं तवा तुमी ऐकलं बी न्हाई."

मॅडमनी कात्री काढून माझा कोपरा कापला. कात्रीची भीती प्रत्येक कार्डाला असते, पण खरं सांगतो, मला त्या दिवशी हलकं वाटलं. आता माझ्याकडे कोणी काही मागणार नव्हतं. ज्यांची मोठी रक्कम खात्यात पडून असते, ज्यांना लॉकर लागतो, ज्यांचं विमानाने जाणं-येणं असतं, त्यांना मी उपयोगी असेनही. पगार महिनाअखेरपर्यंत पुरवायचा असतो अशा नव्या संसाराला मी फक्त जड होतो. नव्या जोडप्याला साधं खातं पुरे, आणि विमा हवा तर तो विमा म्हणूनच घ्यावा.

राजाबाईने मला टाकून दिलं नाही. त्याच रुमालात बांधून तिने मला कपाटावर ठेवलं. मग एका रविवारी आरोग्य विमा समजावून सांगायला एक माणूस घरी आला. त्याला बसायला पाट दिला, पाणी दिलं, चहा दिला आणि राजाबाईने मला आणून त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं. त्याला काही कळेना. तो घाईघाईने सांगू लागला की वर्षातून एकदा प्रीमियम भरायचा. तो शब्द ऐकताच माझं काळीज पुन्हा धडधडलं. बिरदेव मान खाली घालून बसला होता. सोनालीने मात्र या वेळी सासूकडे पाहिलं नाही, ती थेट त्या माणसाकडे पाहत होती. पण तिच्या आधी राजाबाईच बोलली.

"कंचं प्रीमियम? हप्त्याचं का भारीतलं?"

आणि उत्तर मिळेपर्यंत तिने त्याला पुढचं एक वाक्य बोलू दिलं नाही. दवाखान्यात कशाचे पैसे मिळतील आणि कशाचे मिळणार नाहीत, ते त्या दोघी सासू-सुना त्याला पुन्हा पुन्हा मराठीत सांगायला लावत होत्या. त्याचा चहा पार गार झाला.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात की आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. मला त्या घराने जितकं जपलं तितकं कोणत्या कार्डाला कोणी जपलं नसेल. मी देवाशेजारी बसलो, उदबत्तीचा धूर घेतला, भंडारा ल्यालो. पण त्या सगळ्या दिवसांत, तू नेमका कोण आहेस, हे मला कोणीच विचारलं नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी चकचकीत पाकिटातून आलं तर त्याला हात जोडायच्या आधी तेवढं एक विचारा. वाडग्यात आज तीन मेंढरं आहेत. तिसरं कोकरू आहे.