उठशील तेव्हा

दुपारची जेवणं उरकली की नूतन उगाच भांडी घासत राहायची. आता आदर्शला झोपवायचं.

आदर्श तीन-साडेतीन वर्षांचा, नूतनचा नवरा सुजय याच्या पहिल्या बायकोचा, वैशालीचा मुलगा. वैशाली पावसाळ्यात तापाने गेली, आणि होळीनंतर गडब गावची नूतन लग्न होऊन अष्टमी गावातल्या या दोन खोल्यांत आली. पोरगा दिवसभर ‘मावशी, मावशी’ करत तिच्या मागे असायचा. पण अंथरूण घातलेलं दिसलं की भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. मान डुलायची, तरी खाली बसायचा नाही. जवळ घ्यावं तर ढकलायचा. शेवटी रडून रडून कोसळायचा, आणि जरा वेळात दचकून उठून किंचाळायचा.

“तू कुरवाळत बसतेस ना, म्हणून,” सासूबाई म्हणायच्या. मालूबाई त्यांचं नाव. “एकटा ठेव. रडेल नि झोपेल. आमची पोरं नाय वाढली?”

सुजय कंपनीतून थकून यायचा. आईचंच बरोबर म्हणायचा.

एका दुपारी मालूबाईंनी आदर्शला आतल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली. आधी हाका आल्या. मग नुसतं रडणं. मग तेही थांबलं.

“बघ, झोपला,” मालूबाई म्हणाल्या.

नूतनने कडी काढली. आदर्श दाराशीच फरशीवर पडला होता, डोळे सताड उघडे. तिने उचललं तर या वेळी त्याने ढकललं नाही. अंग सैल सोडून दिलं. तिला धडकीच भरली.

“हा आधीपासून असाच होता का हो?”

मालूबाईंनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “नाय गो. आईच्या कुशीत पडल्या पडल्या झोपायचा. तिला पेणच्या दवाखान्यात नेली ना, तेव्हा हा असाच दुपारचा झोपलेला. तीच म्हणाली, उठवू नका त्याला. उठला नि घरभर शोधाय लागला. मी काय सांगणार? म्हटलं, परत झोप, उठशील तेव्हा आई आलेली असेल. मग रोज तेच सांगत राहिले. ती गेल्यावरपण.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

नूतनने खांद्यावरच्या पोराकडे बघितलं. बिचारा रोज आजीचं ऐकून झोपला असेल, आणि रोज उठून बघत असेल.

तिने त्याला मांडीवर घेतलं. “आदर्श, आई येणार नाय रे. ती खूप आजारी होती. वारली. तू झोपलास म्हणून नाय गेली.”

“उद्या येईल?”

“उद्यापण नाय.”

तो तिच्या मनगटाला कडकडून चावला. मग रडला. तिने हात सोडवून घेतला नाही.

संध्याकाळी सुजय भडकला. “एवढ्याशा पोराला कशाला सांगितलंस? तू कोण सांगणारी?”

नूतन ओट्याकडे वळली. मागून आदर्शचा आवाज आला. “बाबा, आई वारली?” सुजयने डब्याची पिशवी खाली ठेवली. मग कसाबसा म्हणाला, “व्हय.”

त्यानंतर नूतनने झोपेसाठी हट्ट करणं सोडलं. पडदा ओढायची, स्वतः आडवी व्हायची, हात त्याच्या बाजूला पसरून ठेवायची. उठायचं झालं तर सांगून उठायची. “मोरीत जाते. भांडी वाजतील बघ.” आतून हाक यायची, “मावशी?” ती म्हणायची, “हाय रे.” कधीकधी तिच्या बोटाला धरून तो झोपूनही जाऊ लागला.

मग एकदा तो झोपलेला असताना खाली सिलेंडरवाला आला. मालूबाई बाजारात गेल्या होत्या. नूतन धावत गेली, पण तेवढ्यात आदर्श उठला. ती जिना चढून आली तर तो दारात उभा, चड्डी ओली. पुन्हा भिंत, पुन्हा किंचाळणं. नूतन खचली. तिला जेवण जाईना.

चार-सहा दुपारी अशाच गेल्या. मग मालूबाई आपली चटई घेऊन आत आल्या. “ऊठ गो. दोन घास खाऊन घे. मी बसते.” त्या गुडघे धरत खाली टेकल्या. “बाबू, मी तुला खोटं सांगितलं रे. आता नाय सांगणार. लघवीला गेले तरी सांगून जाईन.”

आदर्शने आजीकडे पाहिलं. विश्वास बसल्यासारखा काही वाटला नाही. पण पाय दुखले असावेत. हळूहळू भिंतीवरून घसरत तो चटईच्या कडेला बसला. नूतन ताट वाढून घेऊन उंबऱ्यातच बसली, त्याला दिसेल अशी.